दुर्लक्षित मधपेटीतील माश्या वाचवायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर काजूच्या बागांच्या कडेला, गोठ्यांच्या मागे किंवा पडीक परड्यात कधी कधी एखादी लाकडी मधपेटी एकटीच उभी दिसते. ती केव्हातरी एखाद्या योजनेतून मिळालेली असते. तिची देखभाल करणारा मुलगा कामासाठी गोव्याला किंवा पुण्याला गेलेला असतो. छपराचा पत्रा उचकटलेला असतो आणि घोडीचा, म्हणजे पेटीखालच्या लाकडी तिवईचा, एखादा पाय वाळवीने पोखरलेला असतो. तरीही पेटीच्या दारातून माश्यांची ये-जा चालू असते. घरात राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसांना मग प्रश्न पडतो की, या पेटीचे करायचे काय? शेजारपाजारी दोन सल्ले हमखास देतात: धूर करून माश्या हाकलून लावा, किंवा नवी पेटी आणून माश्या तिच्यात झटकून टाका. पहिल्या सल्ल्याने वसाहत जाते हे उघडच आहे. दुसऱ्या सल्ल्यानेही ती बहुधा जातेच, फक्त थोडी उशिरा.

२०२०-२१ मध्ये केंद्र सरकारने ५०० कोटी रुपयांची तरतूद करून राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान सुरू केले आणि राज्यांच्या बागायत खात्यांकडूनही पेट्यांसाठी अनुदान मिळते. मात्र पेट्या वाटल्या जातात त्या वेगाने त्या सांभाळणारे हात तयार होत नाहीत. म्हणून मधमाशीपालन कसे सुरू करावे या नेहमीच्या विषयाऐवजी, बंद पडत चाललेल्या पेटीतील जिवंत वसाहत कशी ओळखावी, कधी हलवावी आणि नव्या घरात कशी रुजवावी, एवढाच विषय येथे घेतला आहे.

आधी माशी कोणती आहे ते पाहावे

आपल्या भागात मध साठवणाऱ्या माश्यांचे चार-पाच प्रकार आढळतात आणि त्यांतले सगळे पेटीत राहत नाहीत. उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाला एकच मोठे पोळे लटकलेले असेल, तर ती आग्या माशी. तिला उघड्यावर एकच पोळे बांधण्याची सवय असल्यामुळे ती पेटीत नांदत नाही, आणि तिला पेटीत घालण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. झुडपात तळहाताएवढे एकेरी पोळे बांधणारी लहान फुलोरी माशीही पेटीत राहत नाही. भिंतीच्या फटीत राळेची नळी करून राहणारी पोयाची माशी अगदी बारीक असते, तिला नांगी नसते आणि तिचे पालन पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने करतात.

पेटीत राहतात त्या दोन: आपली देशी सातेरी आणि बाहेरून आणलेली, आकाराने मोठी मेलिफेरा. मेलिफेरा भारतात १९६० च्या दशकात उत्तरेकडे स्थिरावली आणि नंतर सूर्यफूल, मोहरी यांसारख्या पिकांच्या मागे पेट्या फिरवणाऱ्या व्यावसायिकांबरोबर इतरत्र पोहोचली. घाटाकडच्या गावांतील जुन्या पेट्यांत बहुधा सातेरीच असते. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडी गडग्यात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते आणि अंधाऱ्या पोकळीत राहण्याच्या याच स्वभावामुळे तिला पेटी मानवते. पुढचे विवेचन प्रामुख्याने सातेरीचे आहे. एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू आहे: सातेरी आणि मेलिफेरा यांच्या वसाहती एकमेकींत कधीही मिसळू नयेत.

वाचवायचे ते काय?

पेटीत हजारो माश्या असल्या, तरी त्यांतली एकटी माशी जगू शकत नाही. अंडी घालणारी एक राणी, तिच्याभोवती राबणाऱ्या हजारो कामकरी माश्या आणि हंगामापुरते असणारे काही शे नर, हे सगळे मिळून एक वसाहत होते. राणी पोळ्याच्या षटकोनी घरात अंडे घालते, तीन दिवसांनी त्यातून अळी निघते, काही दिवसांनी कामकरी माश्या त्या घराला मेणाचे झाकण लावतात आणि अंड्यापासून सुमारे २० दिवसांत नवी सातेरी कामकरी माशी बाहेर येते. अंडी, अळ्या आणि झाकलेले कोष यांना मिळून पिलाव म्हणतात. या लेखात सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच आहे.

पिलावाला रात्रंदिवस ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. कामकरी माश्या त्यावर दाटीवाटीने बसून ती टिकवतात आणि उन्हाळ्यात पाणी आणून, पंख हलवून पोळे गार ठेवतात. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते. म्हणजे आज दिसणाऱ्या माश्या दीड-दोन महिन्यांनी बहुतेक नसतील आणि त्यांची जागा आजचा पिलाव घेणार आहे. माश्या नव्या पेटीत आल्या आणि पिलाव जुन्या पेटीत राहिला, तर जे वाचले ते संपत आलेले आयुष्य आणि जे गेले ते पुढची पिढी. शिवाय सातेरी पिलावाच्या वासाला आणि उबेला बांधलेली असते. पिलाव असलेल्या पेटीत ती राहते. पिलाव नसलेली कोरी पेटी सोडून जायला तिला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडच्या भात लावणाऱ्या कुटुंबांना हे पटकन उमगेल. तरवा उपटताना मुळे तुटू न देता, त्याच दिवशी, ओल्या चिखलात रोप लावले तरच ते धरते. पाने हिरवी दिसतात म्हणून मुळे तोडून लावलेले रोप चार दिवसांत पिवळे पडते. पिलावाचे पोळे हे वसाहतीचे असे मूळ आहे.

दुर्लक्ष झाले की पेटीच्या आत काय होते?

१८५१ मध्ये लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकी मधपाळाला एक गोष्ट स्पष्ट दिसली: दोन पृष्ठभागांमध्ये ठरावीक अंतर राखले, तर माश्या ती जागा ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. सातेरीच्या बाबतीत हे अंतर साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. जागा याहून जास्त सुटली की तिथे त्या पोळे बांधतात. पेटीतील लाकडी चौकटी याच हिशोबाने लटकवलेल्या असतात. एखादी चौकट काढून परत ठेवली नाही किंवा ओलीने वाकून सरकली की माश्या आडवीतिडवी पोळी बांधू लागतात, ती दोन-तीन चौकटींना एकदमच चिकटतात आणि पेटी उघडणे अशक्य होऊन बसते. उघडता येत नाही म्हणून कोणी पाहत नाही, आणि पाहत नाही म्हणून पुढची संकटे वाढतात.

त्यांतले पहिले संकट म्हणजे पाणी. कणकुंबी, आमगाव या बाजूला जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस फुटलेल्या छपरातून आत झिरपतो, कडेच्या पोळ्यांवर बुरशी धरते आणि ओलसर पेटीत पिलाव उबदार ठेवण्यासाठी माश्यांना अधिक मध खर्चावा लागतो. नेमक्या याच महिन्यांत बाहेर फुले कमी असतात आणि पावसामुळे उड्डाणही होत नाही. साठा संपत जातो, राणी अंडी कमी करते, माश्यांची संख्या घटते आणि त्यांना सगळी पोळी झाकून बसता येत नाही. जी पोळी उघडी पडतात त्यांत मेणपतंग शिरतो. त्याच्या अळ्या जुन्या काळ्या पोळ्यात बोगदे करतात आणि मागे रेशमी जाळी व काळी विष्ठा सोडतात. निरोगी, भरलेली वसाहत मेणपतंगाला सहज आवरते. म्हणून मेणपतंग दिसला की औषधाचा विचार करण्याआधी वसाहत कशामुळे दुबळी झाली ते शोधले पाहिजे.

न उघडता काय कळते?

पेटी हाताळण्यापूर्वी सकाळच्या उन्हात बाजूला उभे राहून शांतपणे निरीक्षण करावे. अगदी दारासमोर, माश्यांच्या वाटेत उभे राहू नये. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे-नारिंगी गोळे दिसत असतील तर ते चांगले लक्षण आहे, कारण पराग मुख्यतः अळ्यांच्या अन्नासाठी लागतो आणि तो मोठ्या प्रमाणात आत जात असेल तर आत पिलाव असण्याची शक्यता बरीच असते. पराग अजिबात येत नसेल, माश्या दारात निरुद्देश रेंगाळत असतील किंवा दाराशी भांडणे चालली असतील, तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या उरलासुरला मध लुटत असण्याची शक्यता आहे. पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून वजनाचा अंदाज घेता येतो. तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, मेणाचा चुरा आणि काळे दाणे पडले असतील तर मेणपतंग आत आहे.

सातेरीच्या बाबतीत आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. ती भुकेला, मुंग्यांना, उन्हाला किंवा सततच्या त्रासाला कंटाळली की सगळी वसाहत घेऊन पेटी सोडते. काही वेळा हे एकाएकी घडते. पण अनेकदा त्याची तयारी आधीपासून चालते: राणी अंडी घालणे थांबवते, असलेला पिलाव बाहेर पडेपर्यंत माश्या थांबतात, साठवलेला मध पोटात भरून घेतात आणि मग निघतात. बाहेरून माश्यांनी भरलेली दिसणारी, पण आत ना अंडी ना मध अशी पेटी म्हणजे निघण्याच्या बेतात असलेली वसाहत असू शकते. घाटातील सातेरी ऋतूप्रमाणे जागा बदलते हेही खरे. त्यामुळे पावसाळ्यात रिकामी झालेली प्रत्येक पेटी हलगर्जीपणानेच रिकामी झाली असे मानू नये.

उघडल्यावर काय शोधायचे?

राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट नको. तिची अंडी दिसली तरी पुरे. प्रत्येक घराच्या तळाशी मधोमध एकेक अंडे असेल, तर गेल्या तीन दिवसांपर्यंत राणी तिथे होती. एकाच घरात दोन-चार अंडी वेडीवाकडी चिकटलेली असतील आणि कोषांची झाकणे फुगीर, विखुरलेली असतील, तर राणी केव्हाच गेली असून कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्यांचे मिलन झालेले नसल्यामुळे त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात आणि अशी वसाहत काही आठवड्यांत संपते. तिला नवी पेटी देऊन उपयोग नाही. त्या माश्या जवळच्या एखाद्या सशक्त वसाहतीत मिसळणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग असतो आणि तो अनुभवी मधपाळाच्या देखरेखीखालीच करावा.

दुसरी गोष्ट रोगाची. झाकण नसलेल्या घरात अळी पाठीवर ताठ पडलेली, डोके वर आलेले, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी निघत असेल, तर तो सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग समजावा. त्याच्या थाई प्रकाराने १९९१-९२ च्या सुमारास कर्नाटक आणि केरळमधील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या आणि दक्षिणेतील मधपाळ आजही त्या काळाची आठवण काढतात. या रोगावर औषध नाही. रोगट पोळी दुसऱ्या वसाहतीला देणे, हत्यारे न धुता वापरणे किंवा रोगट वसाहत दुसऱ्या पेट्यांशेजारी आणून ठेवणे म्हणजे रोग वाटत फिरणे होय. वाचवण्याच्या ओढीने आणलेली एक पेटी शेजारच्या चांगल्या पेट्या बुडवू शकते, म्हणून शंका असेल तर पेटी होती तिथेच ठेवून आधी कृषी विज्ञान केंद्राला किंवा बागायत खात्याच्या तालुका कार्यालयाला दाखवावी.

कोणत्या महिन्यात हात घालावा?

भर पावसात कधीही नाही. पेटी गळत असेल तर वर पत्रा किंवा ताडपत्री टाकावी, खाली विटा देऊन ती जमिनीपासून उचलावी, घोडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवून मुंग्या रोखाव्यात आणि पुढचे काम ढकलावे. एवढ्यानेही अनेक वसाहती तग धरतात, आणि माझ्या मते ऐंशी टक्के शहाणपण या धीर धरण्यात आहे.

पाऊस सरल्यावर, शिवारात आणि रानात फुले येऊ लागली की वसाहत पुन्हा वाढीला लागते. घाटमाथ्याजवळ त्यानंतर उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जांभूळ, अंजनी, हिरडा फुलण्याच्या काळापर्यंत, फुलोऱ्याचा चांगला आधार असतो. त्यामुळे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हलवाहलवीचा काळ मानावा. त्यानंतर हलवलेल्या वसाहतीलाही फुले मिळतात, पण जूनपूर्वी साठा करायला तिच्याकडे दिवस थोडे उरतात.

अथणी, रायबाग, चिकोडीकडे हिशोब वेगळा आहे. तिथे नजर जाईल तिथवर ऊस असतो, आणि बराचसा ऊस तुरा येण्यापूर्वीच तोडला जात असल्यामुळे मधमाशीच्या दृष्टीने ते रान जवळजवळ उपाशीच असते. मका आणि जोंधळा पराग देतात, मकरंद देत नाहीत. या पट्ट्यात सूर्यफूल, कोथिंबिरीचे बी, कांद्याचे बी, काकडी-दोडक्यासारखा भाजीपाला किंवा विहिरीकडेची झाडे कुठे आहेत ते पाहूनच पेटीची जागा ठरवावी लागते.

नव्या पेटीत नेण्याची रीत

हे काम दुपार कलल्यावर, वारा नसलेल्या कोरड्या दिवशी करावे, म्हणजे अंधार पडायच्या आत ते संपते आणि मधाच्या वासाने बाहेरच्या माश्या लुटीला येण्यास वेळ मिळत नाही. नवी पेटी, रिकाम्या चौकटी, सुती दोरा किंवा केळीच्या सोपाचे धागे, धारदार सुरी, झाकणाचे पातेले, ओले फडके आणि धूर सोडण्याचा भाता हाताशी असावा. भात्यात जुने गोणपाट किंवा नारळाचे सोडण जाळावे. धूर थोडाच द्यायचा: धुरामुळे माश्या मध पिऊ लागतात व त्यांचे इशाऱ्याचे वास झाकले जातात, पण कोंडेल इतका धूर दिला तर सातेरी पेटीच सोडते.

जुनी पेटी दोन-तीन फूट मागे सरकवून तिच्या मूळ जागेवर, दार त्याच दिशेला करून, नवी पेटी ठेवावी. रानातून परतणाऱ्या माश्या ओळखीच्या ठिकाणीच उतरतात आणि त्यांना आत शिरायला जागा मिळते. मग जुन्या पेटीतील कडेचे पोळे आधी कापावे. निव्वळ मधाने भरलेली पोळी चौकटीला बांधू नयेत. ती जड असतात, रात्रीत तुटून पडतात आणि सांडलेल्या मधात माश्या बुडून मरतात. ती झाकणाच्या पातेल्यात ठेवावीत.

पिलावाच्या पोळ्यांपाशी पोहोचल्यावर हात हळू चालवावा. पोळे तळहातावर पेलून, चौकटीच्या मापाने कापून, वरची बाजू वरच राहील असे चौकटीत बसवावे आणि दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधावे. पोळ्यातील घरे किंचित वरच्या दिशेला कललेली असतात. पोळे उलटे बांधले तर त्यांचा कल खाली होतो आणि माश्या ते बहुधा नाकारतात. पिलावाची पोळी मूळ क्रमाने, मधोमध, शेजारी शेजारी ठेवावीत; त्यांच्या दोन्ही बाजूंना थोडा पराग आणि झाकलेला मध असलेले लहान तुकडे द्यावेत. मेणपतंगाने खाल्लेली आणि फार जुनी काळी रिकामी पोळी पुन्हा वापरू नयेत. पिलाव उन्हात किंवा वाऱ्यात उघडा राहू नये म्हणून बांधलेली प्रत्येक चौकट लगेच पेटीत जायला हवी. दोन माणसे असली, तर एकाने कापावे आणि दुसऱ्याने बांधावे.

राणी दिसली तर तिला बोटांनी दाबून धरण्याऐवजी राणीच्या पिंजऱ्यात चालत जाऊ द्यावे आणि तो पिंजरा पिलावाच्या दोन चौकटींमध्ये टांगावा. ती दिसली नाही तर माश्यांचे घोळके हलक्या हाताने किंवा सुपलीने नव्या पेटीच्या दाराशी सोडावेत. काही माश्या दारात उभ्या राहून शेपटीकडचा भाग वर करून पंख फडफडवू लागल्या, तर त्या आपल्या गंधाने इतरांना आत बोलावत असतात, आणि बहुधा राणी आत पोहोचलेली असते. घोळका जुन्या पेटीच्या एखाद्या कोपऱ्यातच घट्ट बसून राहिला, तर राणी तिथे शोधावी.

पहिले आठ दिवस

दारावर राणीद्वार, म्हणजे कामकरी माशी जाईल पण जाडसर राणी अडेल अशा फटींची पट्टी, तीन-चार दिवस लावली तर वसाहत एकाएकी निघून जाण्याचा धोका कमी होतो. ती विसरून तशीच ठेवू नये, कारण नरही तिच्यात अडकून मरतात. तसेच आतली राणी नवी, मिलन न झालेली असेल, तर ती मिलनासाठी बाहेर पडू शकत नाही आणि वसाहतीचे भवितव्यच बंद होते. अंडी न दिसलेल्या वसाहतीला म्हणून राणीद्वार लावू नये.

संध्याकाळी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेला पाक, गार करून, पेटीच्या आतच थोडा द्यावा; त्यात काड्या तरंगत ठेवाव्यात म्हणजे माश्या बुडत नाहीत. निपाणी-चिकोडीकडे अनेकजण विचारतात की, घरचा गूळ असताना साखर कशाला? माणसासाठी गूळ चांगला खरा, पण त्यातील क्षार व इतर न पचणारे घटक माशीच्या पोटात साचतात आणि तिला हगवण लागते. काकवीचेही तसेच. बाजारातील मधही देऊ नये, कारण त्यातून रोगाचे जंतू येऊ शकतात.

तीन दिवस पेटी उघडू नये. त्यानंतर माश्यांनी मेणाने पोळी चौकटीला जोडली असतील, तर दोरे कापून काढावेत. केळीचे धागे त्या स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. आठवड्याने ताजी अंडी दिसली की वसाहत रुजली असे समजावे.

पेटी दुसरीकडे न्यायची असेल तर

माश्या पेटीचा रंग लक्षात ठेवतात त्याहून अधिक तिची जागा लक्षात ठेवतात. पेटी परड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेली, तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात आणि तिथेच घुटमळून मरतात. सातेरीचा वावर बहुतांशी दीड किलोमीटरच्या आत असतो. म्हणून एक तर पेटी रोज एखाद-दुसरा फूट सरकवत न्यावी किंवा एकदमच तीन किलोमीटरहून लांब न्यावी. लांब नेताना रात्री, सगळ्या माश्या आत आल्यावर, दाराला हवा खेळेल अशी जाळी लावावी, चौकटी हलणार नाहीत असे बांधावे आणि पोळी प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील अशी पेटी गाडीत ठेवावी. पोळी बांधून दोन-तीन आठवडे झाल्याखेरीज असा प्रवास करू नये; ओल्या मेणाचा जोड रस्त्यातल्या खड्ड्यांत टिकत नाही.

रानात त्या आपोआप जगतात, मग हा खटाटोप कशाला?

ही शंका रास्त आहे. ढोलीत किंवा गडग्यात नीट नांदणारी वसाहत असेल, तर तिला हात लावू नये असे माझे ठाम मत आहे. तिला उपद्रव नसतो, ती आसपासच्या काजूला आणि भाजीपाल्याला परागीभवनाची सेवा देते आणि तिथूनच नवे थवे, म्हणजे राणीसह वेगळे होऊन नवे घर शोधणारे घोळके, निघून परिसरात पसरतात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून तर परवानगीशिवाय वसाहत काढणे कायद्यानेही वर्ज्य आहे. पेटीची गोष्ट निराळी: ती जागा माश्यांना आपण दिलेली आहे, तिच्यातले दोष आपण केलेले आहेत आणि मोडक्या पेटीत कुजणारी वसाहत मेणपतंग व रोग यांचे आगर बनते. पोळी सरळ आहेत, पेटी कोरडी आहे आणि फक्त छप्पर फुटले आहे अशा वेळी मात्र छप्पर बदलून थांबावे. पोळी कापण्याची शस्त्रक्रिया शेवटचा उपाय म्हणूनच करावी.

चावल्या तर?

सातेरी तुलनेने शांत असली, तरी पोळी कापताना काही डंख होणारच. जाळीचा टोप, पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा आणि विजारीचे पाय मोज्यांत खोचणे, इतके तरी हवे. नांगी कातडीत राहते आणि तिच्यासोबतची विषाची पिशवी काही वेळ विष सोडत असते, म्हणून ती नखाने चटकन खरवडून काढावी. डंखाच्या वासाने इतर माश्या चिडतात, त्यामुळे ती जागा धुरावर धरावी. डंखानंतर अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे, यांतले काहीही झाले तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. खानापूरच्या रानातून दवाखाना बराच लांब असू शकतो, हे लक्षात घेऊन असे काम एकट्याने करू नये. ज्याला पूर्वी डंखाने असा त्रास झाला आहे, त्याने ते करूच नये.

मध कधी मिळेल?

हलवलेल्या वर्षी मधाची अपेक्षा ठेवू नये. जुन्या पेटीतून निघालेला थोडाफार मधही, वसाहत दुबळी असेल तर, झाकलेल्या तुकड्यांच्या रूपात तिला परत देणे शहाणपणाचे. जून उजाडण्यापूर्वी पेटीच्या खालच्या, पिलावाच्या कप्प्यातील कडेच्या चौकटींत भरपूर मध असला पाहिजे, आणि वरच्या कप्प्यात जादा साचलेला तेवढाच माणसाचा.

मधाहून तातडीचा विषय फवारणीचा आहे. भाजीपाल्यावर सकाळी फुले उघडलेली असताना कीटकनाशक मारले, तर कष्टाने रुजवलेली वसाहत एका दिवसात दारासमोर मरून पडू शकते. फवारणी संध्याकाळी उशिरा करावी आणि शेजारच्या शेतकऱ्यांना पेटीची माहिती आधीच द्यावी. बहुतेकजण सांगितल्यावर ऐकतात. ऊस गाळपाच्या हंगामात गुऱ्हाळाजवळ पेटी ठेवू नये, कारण रसाच्या आणि पाकाच्या कढयांत माश्या पडून मरतात.

मार्गदर्शनासाठी बागायत खात्याचे तालुका कार्यालय, बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोपचे कृषी विज्ञान केंद्र आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ ही जवळची ठिकाणे आहेत. मराठीतून प्रशिक्षण हवे असल्यास पुण्याची १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचे मध संचालनालय येथे चौकशी करावी.

जुन्या पेटीचे काय करावे?

रोगाची शंका असेल तर आतली पोळी जाळून टाकावीत आणि लाकूडही जाळलेले बरे. रोग नव्हता, फक्त मेणपतंग होता अशी खात्री असेल, तर पेटी खरवडून, आतून ज्योत फिरवून आणि कडक उन्हात ठेवून ती पुन्हा वापरता येते. छप्पर दुरुस्त करावे, आत चौकटी पूर्ण भराव्यात, चौकटींच्या वरच्या पट्टीला थोडे स्वच्छ मेण चोळावे आणि थवे निघण्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ती सावलीत, जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवर, मुंग्या चढणार नाहीत अशी ठेवावी. जागा शोधणाऱ्या माश्या आधी एकेकट्या येऊन आत फिरून जातात; तशा दिसू लागल्या की पेटीला हात लावू नये, आणि थवा उतरल्यावर पराग आत जाताना दिसेपर्यंत ती उघडू नये.